बार्बेराच्या दोन बाटल्या आणि नोव्हेंबरचे जेवण

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे असून यजमानांच्या नोकरीमुळे सध्या इटलीत ट्युरिन येथे राहतो. शेजारच्या वयस्कर दांपत्याचे मूळ घर नित्सा मोन्फेर्रातोजवळच्या खेड्यात आहे. त्यांनी आम्हाला तिथल्या रेड वाईनच्या दोन बाटल्या भेट दिल्या. एकीवर ‘बार्बेरा द’आस्ती’ आणि दुसरीवर नुसते ‘नित्सा’ असे छापले आहे. नोव्हेंबरअखेर त्यांनी आम्हाला गावी ‘बान्या काउदा’ खायला बोलावले आहे आणि पुढच्या आठवड्यात ते आमच्याकडे जेवायला येणार आहेत. यजमानांचे एक सहकारी म्हणतात की बार्बेरा ही स्वस्तातली वाईन आहे, पाहुण्यांपुढे बारोलोच ठेवावी. या वाईनबरोबर काय खावे, आपले पदार्थ चालतील का, कोणती बाटली कधी उघडावी? यजमान बीफ खात नाहीत, मी मासे खाते, मांस खात नाही. सासूबाई सध्या आमच्याकडे आल्या आहेत. त्या पूर्ण शाकाहारी आहेत आणि घरात वाईन त्यांनी कधी पाहिलेली नाही. त्यांच्यासमोर बाटली उघडावी का?
– एक वाचक, ट्युरिन

उत्तर : सप्रेम नमस्कार. बारोलो विकत आणू नका. जे लोक स्वतःच्या गावची वाईन तुम्हाला भेट देतात, त्यांच्यापुढे दुसऱ्या गावची महाग बाटली ठेवण्यात आदर कमी आणि गैरसमजच अधिक व्हायचा. शिवाय तुमच्या मेजावर जे पदार्थ येणार आहेत, त्यांच्याशी बारोलोपेक्षा बार्बेराचे कितीतरी चांगले जुळेल आणि याला ठोस कारण आहे.

बार्बेरा हे पिएमोंते प्रांतात सर्वाधिक लावले जाणारे काळे द्राक्ष आहे. त्याचा रंग गडद असतो, आंबटपणा भरपूर असतो, पण तोंड कोरडे पाडणारा तुरटपणा, ज्याला टॅनिन म्हणतात, तो मात्र फार थोडा असतो. बारोलो ज्या नेब्बिओलो द्राक्षापासून होते, त्यात रंग फिका आणि टॅनिन जबरदस्त, म्हणजे जवळजवळ उलट प्रकृती. तेलातुपाच्या, लोण्याच्या, चरबीच्या घासानंतर जिभेवर जो थर बसतो, तो बार्बेराचा आंबटपणा धुऊन काढतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. आपल्याकडे नारळाच्या वाटणाच्या जेवणाबरोबर सोलकढी जे काम करते, तेच काम इथे ही वाईन करते. खारट पदार्थांमुळे तिचा आंबटपणा सौम्य वाटतो आणि फळाची चव पुढे येते. म्हणून पदार्थ निवडताना तो मांसाचा आहे की भाजीचा हा प्रश्न नंतरचा. त्यात स्निग्धता आहे का, मीठ ठीक आहे का आणि गोडवा कमी आहे का, हे आधी पाहावे.

तुमच्या यजमानांचे सहकारी म्हणतात त्यात जुन्या काळापुरते तथ्य आहे. बार्बेरा हे भरघोस पीक देणारे द्राक्ष असल्यामुळे ती पिढ्यान्‌पिढ्या कामकऱ्यांची रोजची वाईन होती. मोठमोठ्या भांड्यांतून विकली जायची आणि तिच्याकडून कोणी फारशी अपेक्षाही ठेवत नसे. १९८६ मध्ये तर इटलीत स्वस्त वाईनमध्ये मेथेनॉल मिसळल्याचे उघडकीस आले, माणसे दगावली, आणि त्या भेसळीच्या बाटल्यांमध्ये बार्बेराच्या नावाने विकलेल्या बाटल्याही होत्या. मात्र त्याआधीच रोक्केत्ता तानारो गावच्या जाकोमो बोलोन्या यांनी वेगळी वाट धरली होती. त्यांनी चांगल्या उतारावरच्या बार्बेराचे पीक जाणूनबुजून कमी घेतले, वाईन लहान ओकच्या पिंपांत मुरवली आणि १९८२ च्या हंगामापासून ‘ब्रिक्को देल्लुच्चेल्लोने’ या नावाने बाजारात आणली. ओकचे लाकूड वाईनला थोडे टॅनिन देते, म्हणजे या द्राक्षात जे उणे आहे नेमके तेच भरून काढते, आणि मुरण्याच्या काळात आंबटपणाची धारही बोथट होते. त्या एका वाईनने बार्बेराकडे बघण्याची दृष्टी बदलली. पुढे २००८ मध्ये बार्बेरा द’आस्तीला इटलीतला सर्वोच्च दर्जा, म्हणजे डीओसीजी मिळाला आणि २०१४ मध्ये नित्साला स्वतःचा स्वतंत्र दर्जा मिळाला. त्याच वर्षी युनेस्कोने पिएमोंतेच्या द्राक्षमळ्यांचा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला. त्यातल्या सहा भागांपैकी एक भाग ‘नित्सा मोन्फेर्रातो आणि बार्बेरा’ याच नावाचा आहे. तुमच्या शेजाऱ्यांचे गाव त्याच परिसरातले असल्यामुळे त्यांना हे विषय काढून विचारलेत, तर संध्याकाळ कशी सरली ते कळणार नाही.

आता तुमच्या दोन बाटल्यांतला फरक. ‘बार्बेरा द’आस्ती’मध्ये किमान नव्वद टक्के बार्बेरा असावी लागते आणि लेबलवर ‘सुपेरिओरे’ असा शब्द नसेल, तर ती बहुधा लाकडात न मुरवलेली, ताजी, चेरीच्या चवीची वाईन असते. ‘नित्सा’ ही मात्र नित्साच्या आसपासच्या अठरा गावांतल्या, चांगले ऊन मिळणाऱ्या उतारांवरच्या निव्वळ बार्बेराचीच करावी लागते आणि किमान अठरा महिने मुरवावी लागते, त्यातले सहा महिने लाकडात. शेजारच्या आल्बा परिसरात उत्तम उतार नेब्बिओलोला दिले जातात आणि बार्बेराच्या वाट्याला उरलेली जागा येते. नित्सामध्ये पहिला मान बार्बेराचा असतो, आणि माझ्या मते त्या बाटलीची खरी किंमत यातच आहे. पहिली बाटली जेवणाच्या सुरुवातीला आणि दुसरी मुख्य पदार्थाबरोबर, हा क्रम ठेवा.

आधी बान्या काउदाविषयी सविस्तर लिहिते, कारण तिथे तुम्ही पाहुण्या असाल आणि काय समोर येणार हे माहीत असलेले बरे. लसूण, खारवलेले अँचोव्ही मासे आणि ऑलिव्ह तेल या तीनच गोष्टींचे हे गरम कालवण आहे. लसणाचे प्रमाण ऐकून दचकू नका. जुन्या पद्धतीत माणशी जवळपास एक अख्खा गड्डा धरतात. पाकळ्यांच्या आतला हिरवा कोंब काढून टाकतात, पातळ काप करून मातीच्या भांड्यात तेलाबरोबर अगदी मंद आचेवर ठेवतात आणि लसूण मऊ होऊन विरघळू लागला की मीठ धुतलेले, काटे काढलेले मासे त्यात घालून ढवळत राहतात. लसूण तांबूस झाला तर कडवटपणा येतो, म्हणून तेलाला उकळी फुटू देत नाहीत. शेवटी मासा दिसत नाही, लसूण दिसत नाही, करड्या-तपकिरी रंगाचे दाट मिश्रण तेवढे उरते. ते ‘फोयोत’ नावाच्या छोट्या मातीच्या भांड्यात प्रत्येकापुढे येते. त्याच्या पोटात मेणबत्ती असते, त्यामुळे कालवण शेवटपर्यंत गरम राहते.

त्यात भाज्या बुडवून खायच्या असतात : कच्ची आणि भाजलेली ढोबळी मिरची, कोबीची पाने, उकडलेले बीट आणि बटाटे, भाजलेला कांदा, आणि सगळ्यांत मानाचा म्हणजे नित्साचा ‘कार्दो गोब्बो’, अर्थात कुबडा कार्दो. कार्दो ही आर्टिचोकच्या कुळातली भाजी असून तिचे देठ खातात. नित्साच्या आसपासच्या वाळूमिश्रित जमिनीत सप्टेंबरात ही झाडे आडवी वाकवून मातीखाली झाकतात. उजेडासाठी धडपडताना देठाला बाक येतो, अंधारात हिरवा रंग जाऊन तो पांढरा होतो आणि त्याचा कडवटपणा व राठपणा निघून जातो, म्हणून तो कच्चाच खाता येतो. तुमच्या भेटीच्या सुमारास त्याचा ऐन हंगाम असेल. देठ बुडवून उचलताना दुसऱ्या हातात त्याखाली पावाचा तुकडा धरतात, म्हणजे ठिबकणारे तेल पावावर पडते, आणि तो पाव खाण्याची मजा वेगळीच असते. तळाशी थोडे कालवण उरले की त्यात अंडे फोडून घोटतात. तेव्हा भांडे परत देण्याची घाई करू नका.

समुद्रापासून लांब असलेल्या या डोंगराळ भागात मासा आला कसा, असे वाटेल. लिगुरियाच्या किनाऱ्यावरून मीठ आणणाऱ्या वाटांनी खारवलेले अँचोव्हीही वर चढत आले आणि माइरा खोऱ्यातले फिरते विक्रेते ते पिंपांतून गावोगाव नेत असत. तुम्ही मासे खाता, म्हणून सांगते : आपली मांदेली याच अँचोव्हीच्या कुळातली आहे, त्यामुळे चव अगदीच परकी वाटणार नाही. या खारट, तेलकट, लसणी पदार्थापुढे बारोलो ठेवली असती, तर माशाबरोबर तिचा जबरदस्त तुरटपणा तोंडात कडू, धातूसारखा लागण्याचा संभव होता. बार्बेराच्या बाबतीत तो धोका फारसा नाही. गावी तुमचे शेजारीही बहुधा लाकडात न मुरवलेली ताजी बार्बेराच वाढतील, आणि ती किंचित फसफसणारी निघाली तर बिघडली असे समजू नका. मोन्फेर्रातो भागात तशी वाईन मुद्दाम करतात.

खाण्यापिण्याच्या बंधनांबाबत मात्र आधीच स्पष्ट बोलून घ्या. पिएमोंतेचे जेवण गोवंशाच्या मांसावर फार अवलंबून आहे. कच्च्या मांसाचा खिमा म्हणजे ‘कार्ने क्रूदा’, टूनाच्या सॉसमधले ‘विटेल्लो तोन्नातो’, उकडलेल्या मांसाचे ‘बोल्लितो मिस्तो’ हे सगळे त्यातलेच. ‘आन्योलोत्ती’ नावाच्या भरलेल्या पास्त्यातही बहुधा मिश्र मांसाचे सारण असते आणि बाहेरून ते ओळखू येत नाही. यजमानांसाठी ढोबळी मिरची घालून केलेला ससा, कोंबडी किंवा डुकराचे मांस हे पर्याय तिथे सहज असतात आणि बार्बेराबरोबर तिन्ही उत्तम लागतात. सासूबाईंसाठी नुसते ‘मांस नको’ असे सांगून भागत नाही, कारण तिथे मासा मांसात मोजत नाहीत आणि भाताला किंवा सूपला मांसाचे पाणी सर्रास वापरतात. ‘ने कार्ने, ने पेशे’, म्हणजे मांस नाही आणि मासाही नाही, असे म्हणा आणि बान्या काउदा करण्यापूर्वी थोडा लसूण तेलात वेगळा शिजवून ठेवायची विनंती करा. त्याच भाज्या त्यांना त्यात बुडवून खाता येतील आणि पंगतीत त्या वेगळ्या पडणार नाहीत. आणखी एक बाब म्हणजे तिथल्या बहुतेक पारंपरिक चीजमध्ये, पार्मिजानो आणि कास्तेलमान्योसह, वासराच्या जठरातून काढलेले, दूध गोठवणारे रेनेट असते. सासूबाईंना ते चालणार नसेल, तर दुकानात ‘काल्यो वेजेताले’, म्हणजे वनस्पतिजन्य रेनेट, असे लिहिलेले चीज मागा.

आता तुमच्या घरचे जेवण. हे लोक तुमच्याकडे येणार ते तुमच्या हातचे खायला येणार, त्यामुळे पास्ता करण्याच्या फंदात पडू नका. आपले पदार्थ चालतात, मात्र तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे तिखट. मिरचीची आग आणि अल्कोहोलची ऊब एकमेकींना वाढवतात, आणि बार्बेरात अल्कोहोल बऱ्याचदा चौदा टक्क्यांच्या आसपास असते. टॅनिन कमी असल्यामुळे ती इतर रेड वाईनपेक्षा मसाला अधिक सोसते, पण सांगलीकडचे तिखट नेहमीच्या निम्म्यावर आणावे लागेल. दुसरी म्हणजे गूळ. पदार्थ वाईनपेक्षा गोड झाला की वाईन नुसती आंबट आणि पोकळ लागते. तिसरी गोष्ट याच्या उलट आहे आणि ती तुमच्या पथ्यावर पडणारी आहे : चिंच, टोमॅटो, आमसूल यांच्या आंबटपणापुढे बहुतेक रेड वाईन पडतात, बार्बेरा मात्र टिकते, त्यामुळे त्या बाबतीत हात आखडता घेण्याची गरज नाही.

सुरुवातीला लहान, खुसखुशीत थालीपिठे करा. भाजणीचा खरपूस वास आणि बार्बेरा द’आस्तीची चेरीसारखी चव यांचे फार छान जमते. पाहुण्यांच्या थालीपिठांवर रोबिओला दी रोक्कावेरानो हे शेळीच्या दुधाचे मऊ, आंबूस चीज ठेवा, सासूबाईंच्या थालीपिठावर लोण्याचा गोळा. त्यानंतर भरली वांगी. दाण्याचे कूट, तीळ, सुके खोबरे आणि वर सुटलेले तेल यांमुळे बार्बेरासाठी याहून योग्य शाकाहारी मराठी पदार्थ मला तरी सुचत नाही. गोडा मसाला हवा तेवढा घाला, चिंच घाला, गूळ मात्र नावापुरता. तुमच्या स्वतःसाठी आणि सासूबाईंसाठी हाच मुख्य पदार्थ होईल आणि त्याबरोबर भाकरी किंवा साधा तूपभात पुरे.

मांसाहारी मंडळींसाठी सुके मटण करा. पोर्ता पालात्सोच्या बाजारात कोकराचे मांस चांगले मिळते. कांदा-खोबऱ्याचे वाटण नीट परतून, मिरची कमी आणि काळी मिरी, लवंग, दालचिनी थोडी पुढे, असा मसाला ठेवा आणि अंगाशी येईपर्यंत आटवा. इथे नित्सा उघडायची. लाकडात मुरल्यामुळे तिला आलेला भारदस्तपणा आणि थोडा मसालेदार वास भाजलेल्या खोबऱ्याला आणि कोकराच्या चरबीला बरोबर सामोरा जातो. जोडीला वाटीभर पांढरा रस्सा द्या. नारळाचे दूध, काजू, खसखस असा तो सौम्य आणि स्निग्ध असतो आणि त्या पाहुण्यांना तो आवडेल असे मला मनापासून वाटते. तांबडा रस्सा त्या दिवशी नको.

इटालियन पद्धतीचे काही एक करायचेच असेल, तर बार्बेरातला रिसोत्तो करा : लोण्यावर बारीक कांदा, त्यात कार्नारोली तांदूळ कोरडा परतून पेलाभर बार्बेरा ओतायची, ती पूर्ण आटली की भाज्यांचे गरम पाणी पळीपळीने घालत शिजवायचे आणि शेवटी आचेवरून उतरवून लोणी व किसलेले चीज घोटायचे. भात जांभळट होतो आणि रुचकर लागतो. यासाठी भेट मिळालेली बाटली न वापरता दुकानातली साधी बार्बेरा घ्या. सासूबाईंच्या ताटात मात्र हा भात वाढू नका. वाईन शिजली म्हणजे पूर्ण उडून जाते असे नाही, थोडा अंश राहतोच.

गोडाबरोबर या दोन्हींपैकी कोणतीही वाईन नको. पुरणपोळी करणार असाल, तर मोस्कातो द’आस्ती आणा. ती जवळच्याच टेकड्यांवर होते, गोड आणि हलकी फसफसती असते, अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास असते, आणि पुरणातल्या जायफळ-वेलदोड्याशी तिचा सुगंध सुरेख मिसळतो.

वाढण्याबाबत दोन गोष्टी. हीटर लावलेल्या घरात रेड वाईन कोमट होते आणि मग अल्कोहोलच नाकात शिरते. बार्बेरा द’आस्ती पंधरा-सोळा अंशांना, नित्सा सतरा-अठराला चांगली लागते, म्हणून नोव्हेंबरच्या थंडीत बाटल्या अर्धा तास बाल्कनीत ठेवल्या तरी काम होईल. नित्साचे बूच मात्र पाहुणे येण्याच्या तासभर आधी काढा. उरलेली वाईन बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली, तर दोन-तीन दिवस टिकते.

राहिला सासूबाईंचा प्रश्न, आणि तो मी मुद्दाम शेवटी घेतला आहे, कारण त्यांची परवानगी हवी असेल तर ती पाहुणे दारात उभे असताना मागू नये. बान्या काउदाच्या जेवणालाही त्या आल्या, तर मेजावर वाईन तिथेही असेलच. म्हणून पाहुणे तुमच्याकडे येण्याआधीच एखाद्या दुपारी यजमानांनी स्वतः त्यांना सांगावे, तुम्ही नव्हे. या लोकांनी ही वाईन स्वतःच्या गावची म्हणून प्रेमाने दिली आहे, इथे ती जेवणाचा भाग म्हणून पेला-दोन पेले घेतात, नशेसाठी नाही, आणि तुमच्यावर कसलीही सक्ती नाही, एवढे मोकळेपणाने सांगितले तर बहुतेक वडीलधारी माणसे समजून घेतात. त्यांच्या शेजारी काळ्या द्राक्षांचा ताजा रस किंवा आमसुलाचे सरबत काचेच्या पेल्यात ठेवा. त्या नाही म्हणाल्या, तर त्यांच्या मनाविरुद्ध घरात बाटली उघडू नका. शेजाऱ्यांना खरे कारण सांगा. म्हातारी माणसे आहेत, त्यांना ते पटेल. नित्सा आडवी करून अंधाऱ्या, थंड जागी ठेवलीत, तर काही वर्षे सहज टिकेल, पण बार्बेरा द’आस्ती ताजी पिण्यासारखी असते, ती पुढच्या वर्षभरात संपवा.